तरुबेन कॅसेट उतरवते

मोटी खडकीतल्या तिसऱ्या घराच्या कडीला शिलाईची पिवळी मापपट्टी बांधलेली दिसली, की अख्ख्या गल्लीने तासभर स्वतःला आवरायचं असतं. मिक्सर लावायचा नाही, खलबत्त्यात काही कुटायचं नाही, "तरुबेऽऽन, विरजण आहे का" अशी ओट्यावरून हाळी द्यायची नाही. आत कॅसेट उतरत असते. आमच्या आवाजाने कॉम्प्युटरला काय होतं, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. तरुबेनने चष्म्यावरून बघत सांगितलं, "कॉम्प्युटरला काही होत नाही. मला होतं."

मोगरपुरा हे गुजरातेत चरोतरातलं गाव. इथे प्रत्येक घरातला निम्मा माणूस परदेशात आणि उरलेला निम्मा त्याची वाट बघत बसलेला. डिसेंबर लागला की परदेशातले येतात. गळ्यात हँडीकॅम, पायात पांढरे बूट, आणि जे दिसेल त्याचं शूटिंग. म्हैस दिसली, घे. विहीर दिसली, घे. दळण दळणारी काकी दिसली, "काकी, जरा इकडे बघा ने." जाताना त्या काडेपेटीएवढ्या कॅसेटांचा ढीग मागे राहतो आणि तो तरुबेनकडे येतो. ती त्या कॉम्प्युटरवर उतरवते आणि सीडी करून देते. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, घाई चालत नाही. कॅमेऱ्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची, आणि बारीकशा वायरीतून चित्र कॉम्प्युटरमध्ये भरत जातं, बादलीत नळ सोडल्यासारखं. मध्ये कुणी माऊसला हात लावला, नाहीतर वीज लचकली, तर तेवढं चित्र गळतं. म्हणून तरुबेन पूर्ण तास समोर बसून राहते. गावातल्या सगळ्यांची लग्नं, बारशी आणि भांडणं तिने या तऱ्हेने दोनदा पाहिलीत, एकदा मांडवात आणि एकदा पडद्यावर. त्यामुळे कोण कुणाकडे बघून हसलं याबाबतीत तिच्याशी वाद घालू नये.

तरुलता पेटलादहून लग्न होऊन आली ती दहावी पास आणि शिलाईचं मशीन घेऊन. पंचवीस वर्षं गावातले ब्लाउज तिने शिवले. नवरा जशभाई डेअरीत दूध तपासायचा, त्यातलं फॅट मोजायचा. त्या नोकरीने त्यांची भाषा कायमची बदलली. कढी कशी झालीय विचारलं तर म्हणणार, "सहा पॉइंट दोन." जावई कसा वाटला? "पाच पॉइंट आठ. पाणी आहे थोडं." तरुबेनच्या इंग्लंडात लेस्टरला असलेल्या भावाने जुना कॅमेरा आणि कॉम्प्युटर इथे टाकला तेव्हा जशभाईंनी दोन्हीकडे बघून सांगितलं होतं, "तुझ्याच्याने तीन पॉइंट शून्य."

त्या तीन पॉइंट शून्यच्या रागातच ती शिकली. सुरुवातीला प्रत्येक कॅसेट एकोणिसाव्या मिनिटाला बंद पडायची. गावचे भटजी गोर महाराज म्हणाले ग्रह, जशभाई म्हणाले मशीन थकतं, आणंदचा कॉम्प्युटरवाला म्हणाला नवा घ्या. तरुबेनने महिनाभर घड्याळ लावून पाहिलं. एकोणीस म्हणजे एकोणीसच. मग तिने हिशेब लावला की थकणारं यंत्र रोज एकाच मिनिटाला कसं थकेल? कुठेतरी भांडं भरतंय. तसंच निघालं. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची होती, एका फाइलला चार जीबीच्या वर जागा द्यायचीच नाही. तिने लेस्टरला फोन लावून भाच्याकडून एकेक पायरी वहीत उतरवून घेतली, डिस्कची मांडणी बदलली, आणि पुढची कॅसेट एकोणीसवरून वीसवर गेली तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत बसली.

तर उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, चार दिवस उरलेले असताना, मंगळवारी सकाळी, रिंकल तिच्या दारात आली. सोबत तिची आजी दहीबा आणि अमेरिकेतल्या एडिसनहून आलेले चुलत सासरे इंदुभाई.

रिंकल समोरच्याच घरातली. अकरा महिन्यांपूर्वी तिचं निमेशशी लग्न झालं, निमेश आठव्या दिवशी न्यू जर्सीला परत गेला, आणि तेव्हापासून ही व्हिसाचे कागद जमवत बसली होती. आता गुरुवारी मुंबईला वकिलातीत मुलाखत. आणंदच्या व्हिसावाल्या एजंटने बजावलं होतं की नुसत्या फोटोंवर जाऊ नका, फोटो काय कुणीही हार घालून काढतं. मागच्या महिन्यात शेजारच्या गावची मुलगी फोटो घेऊन गेली आणि रडत परत आली. हातात हात देण्याचा हस्तमेळाप आणि फेरे हलताना दिसले पाहिजेत. आणि रिंकलचं लग्न हलताना एकाच कॅसेटमध्ये होतं. स्टुडिओवाला नको, मी आहे ना, असं म्हणून इंदुभाईंनी ते स्वतः शूट केलं होतं. मग ती कॅसेट बॅगेत टाकून एडिसनला नेली, तिथे खणात ठेवली, आणि काल रात्री विमानातून उतरल्यावर रिंकलच्या घरी आणून दिली.

"अॅक्च्युअली," इंदुभाई म्हणाले. ते प्रत्येक वाक्याआधी हा शब्द असा टाकतात जसा काही माणसं बोलण्याआधी खाकरतात. "अॅक्च्युअली, मी तिकडेच करून आणणार होतो. आमच्या तिकडे एडिसनला दहा मिनिटांत करून देतात."

"मग दहा महिन्यांत दहा मिनिटं मिळाली नाहीत?" तरुबेनने चहा ठेवत विचारलं.

"तिकडे टाइम कुठे असतो, तरुबेन. अॅक्च्युअली, माझा तो कॅमेरा पण मी देऊन टाकला. नवीन घेतलाय, त्यात ही कॅसेट जात नाही."

"म्हणजे आता माझाच कॅमेरा."

"तुमचाच," रिंकल म्हणाली. तिने कॅसेट रुमालात गुंडाळून आणली होती, जशी माणसं देवळात फूल नेतात. "तरुकाकी, उद्या संध्याकाळची गाडी आहे. होईल ना?"

"तासाची कॅसेट, तास लागेल. सीडी करायला संध्याकाळ. उद्या सकाळी घेऊन जा." तरुबेनने मापपट्टी कडीला बांधली, कॅसेट कॅमेऱ्यात सरकवली, वायर जोडली आणि खुर्चीत बसली. दहीबा खाटेवर मांडी घालून बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दहीबांना एक वाक्य एकदा बोलून समाधान होत नाही. "दाखव माझी पोर. दाखव."

पडद्यावर मांडव आला. केळीचे खांब, लाल पडदा, रिंकलचा मामा. सात-आठ सेकंद सगळं झकास. मग मामाच्या नाकाचा एक चौकोन झाला. तो चौकोन कानाकडे गेला. बघता बघता अख्खा मांडव चौकडीच्या लुगड्यासारखा झाला आणि सनईच्या जागी चिमण्या चिवचिवल्यासारखा आवाज आला. तरुबेनने झटकन कॅमेरा थांबवला.

रिंकलचा चेहरा कागदासारखा झाला.

"टेप गेली," इंदुभाई म्हणाले. या वेळी अॅक्च्युअलीही विसरले. मग आठवलं. "अॅक्च्युअली, असं तिकडे पण होतं. अहमदाबादला लॅब आहे, तिथे पाठवा. आठ दिवसांत..."

"गुरुवार परवा आहे, इंदुकाका," रिंकल म्हणाली.

"मग तरुबेनच्या कॅमेऱ्यात दोष असेल. जुना आहे ना. लेस्टरवाले असले जुने कॅमेरे इकडे टाकतात."

भावाच्या कॅमेऱ्याचा हा उद्धार तरुबेनला लागला. ती विचार करत होती, आणि विचार करताना ती दोन्ही ओठ आत घेते, जणू तोंडात टाचण्या धरल्या आहेत. तिने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. या वेळी चौकोन दुसऱ्या सेकंदालाच आले, आणि मामाच्या नाकाऐवजी केळीच्या खांबापासून सुरू झाले.

"चित्र खराब असतं तर चौकोन त्याच जागी आले असते," ती स्वतःशीच म्हणाली. "हे फिरतायत. आणि वाढतायत."

तिने रिंकलची कॅसेट बाहेर काढली आणि खणातून एक टाकाऊ कॅसेट घातली. त्यात कुणाच्या तरी नवरात्रीचा गरबा होता, अर्धा तास नुसते पाय. काल हेच पाय स्वच्छ दिसत होते. आज गरब्याच्या पायांचेही चौकोन झाले.

"बघा," इंदुभाई म्हणाले. "कॅमेराच गेलाय."

"कॅमेरा गेला नाही. कॅमेऱ्याला काहीतरी लागलंय. तुमची कॅसेट घालेपर्यंत तो ठीक होता."

तिने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत एक चकचकीत गोल डोकं असतं, ते गरगर फिरत टेपवरचं चित्र वाचतं. साफ करताना तिथे कापूस चालत नाही, त्याचे तंतू अडकतात. वर-खाली घासायचं नाही, घासलं तर डोकं मोडतं. पट्टी एका जागी धरून डोकंच बोटाने हळू फिरवायचं. ही अक्कल तरुबेनला कुणी शिकवली नव्हती. शिलाई मशीनच्या बॉबिनच्या खाली पंचवीस वर्षं धाग्याचा गाळ काढणाऱ्या बाईला ती आपसूक येते. तिने मऊ चामड्याची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवली, धरली, डोकं फिरवलं, आणि पट्टी बाहेर काढून खिडकीपाशी नेली.

पट्टीवर लाल रंग होता.

गंज नाही. गंज तपकिरी असतो. हा लाल तरुबेनने ब्लाउजच्या पाठींवरून हजार वेळा धुऊन काढला होता. तिने कॅसेट उचलली, झडप अंगठ्याने उचकली, आणि चिमट्याने आतून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. तांदळाचा अर्धा दाणा.

ती वळली. "दहीबा, कॅसेट काल कुठे होती?"

"देवापुढे," दहीबा म्हणाल्या. "देवापुढे होती."

"आणि?"

"आणि काय. शुभ कामाला जाणारी वस्तू. चांदलो केला. केला चांदलो." कुंकवाच्या त्या टिळ्याविषयी बोलताना दहीबांची मान ताठ झाली. "ट्रॅक्टरला करतो, शिलाईच्या मशीनला दसऱ्याला तू करतेस, मग पोरीच्या लग्नाच्या कॅसेटला नको? पाण्यात कालवून केला, नीट बसावा म्हणून. वरून अक्षता. सात दाणे. मोजून सात."

"कुठे लावला?"

"ती खिडकी असते ना लहानशी, तिथे. आणि ते दार उघडतं, तिथे आत. दारालाच लावतात ना, दाराला."

इंदुभाईंनी कपाळाला हात लावला. रिंकल मात्र आजीकडे बघून रडू की हसू अशी उभी राहिली. "बा, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"चांदलो विचारून करतात का?" दहीबांनी उलट विचारलं.

तरुबेन म्हणाली, "भांडू नका. मला कळलं. टेप ठीक आहे, चित्र ठीक आहे. कुंकू कॅसेटच्या घरात शिरलंय, आणि टेप फिरली की ते डोक्यावर बसतंय. घर बदलावं लागेल."

"घर बदलायचं म्हणजे?"

"कॅसेट उघडायची. आतली दोन रिळं उचलून कोऱ्या कॅसेटच्या पेटीत बसवायची."

"अॅक्च्युअली, नो," इंदुभाई उभेच राहिले. "अशी कॅसेट कुणी उघडत नाही. आमच्या तिकडेही नाही. टेपला एक सुरकुती पडली की सगळं संपलं. एकच कॅसेट आहे, तरुबेन."

"म्हणून तर विचारते," तरुबेन म्हणाली, पण इंदुभाईंना नाही. ती रिंकलकडे वळली. "लग्न तुझं, कॅसेट तुझी. मी आजवर कॅसेट उघडलेली नाही. बॉबिन उघडलेत, हजारोंनी. हे दोन बॉबिनच आहेत, फक्त धागा पट्टीसारखा. उघडू?"

रिंकलने इंदुकाकांकडे बघितलं नाही, आजीकडेही नाही. तरुकाकीच्या हातांकडे बघत ती म्हणाली, "उघडा."

तरुबेनने पंखा बंद केला. हात साबणाने धुऊन कोरडे केले. मशीनवरच्या पांढऱ्या फडक्यावर रिंकलची कॅसेट ठेवली आणि शेजारी कोरी. चष्म्याच्या दांडीचे स्क्रू घट्ट करायचा तिचा एवढासा पेचकस होता, त्याने तिने आधी कोऱ्या कॅसेटचे स्क्रू काढले, म्हणजे चूक व्हायची तर तिथे होईल. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते फडक्यावर त्याच जागी मांडलं. मग रिंकलची. झाकण उचललं तेव्हा आत सगळीकडे लाल भुकटी बसली होती, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात बसते तशी. रिळं मात्र काळी कुळकुळीत. वरचे दोन-चार वेढे सोडले तर टेपला डाग नव्हता. तिने रबरी फुंकणीने त्यावर हवा मारली, टेपला बोट न लावता दोन्ही रिळं एका वेळी उचलली, नव्या पेटीत ठेवली आणि टेप पुढच्या खुंट्यांमधून ओवली. ओवताना तिचा श्वास थांबला होता, सुईत दोरा घालताना थांबतो तसा.

"सुरकुती?" इंदुभाईंनी हळूच विचारलं.

"माझ्या शिलाईत कधी दिसली?" तरुबेन म्हणाली आणि स्क्रू लावायला घेतले.

डोकं तिने तीनदा पुसलं, पट्टी पांढरी निघेपर्यंत. जशभाईंना गच्चीवर पाठवलं, कारण पतंगवाली पोरं तारांवर मांजा टाकून गल्लीची वीज घालवतात. "तासभर कुणाला या बाजूला उडवू देऊ नका." आधी गरब्याचे पाय लावून बघितले. पाय स्वच्छ आले. मग तिने रिंकलची कॅसेट आत सरकवली.

मांडव आला. मामाचं नाक आलं, जागच्या जागी. दहा सेकंद, वीस, एक मिनिट. पाच मिनिटं झाली तरी नाक नाकच राहिलं. तरुबेन पडद्याच्या खाली चालणारे आकडे बघत होती, आणि बाकीचे तिच्याकडे.

आता चौघांनी गप्प बसायचं होतं, आणि खरी कसोटी तिथेच लागली. कारण कॅमेरा ज्याच्या हातात होता तो माणूस लग्नभर गप्प बसला नव्हता. गोर महाराज मंत्र म्हणत होते, आणि त्यांच्या दुप्पट आवाजात, अगदी माइकजवळून, इंदुभाई होते. "अॅक्च्युअली आज बारा फेब्रुवारी, आपण मोगरपुऱ्यात आहोत, निमेशच्या मॅरेजमध्ये. हे रिंकलचे मामा. मामा, इकडे बघा. नाही, इकडे. अॅक्च्युअली मामांना ऐकू येत नाही." मग वाटीचा आवाज, मग भजी चावायचा आवाज. "हे गोटे. गोटे छान आहेत. अॅक्च्युअली मी चार खाल्ले."

रिंकलने पदर तोंडात कोंबला. दहीबांचे खांदे हलत होते. इंदुभाई पडद्यावर स्वतःला ऐकत बसले होते.

चौतिसाव्या मिनिटाला हस्तमेळाप आला. रिंकलचा मेंदीचा हात, निमेशचा हात, वर गोर महाराजांचं सूत. बोटं मोजता यावीत इतकं स्वच्छ. रिंकल खुर्चीच्या कडेला पुढे सरकली. अकरा महिने ती ज्याला फक्त फोनवर ऐकत होती तो मंडपात घाम पुसत होता. मग चार फेरे, चारही पूर्ण. तिसऱ्या फेऱ्याला इंदुभाईंचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्यात आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, पण अंगठ्याच्या बाजूने लग्न दिसत होतं.

टेप संपली. तरुबेनने फाइल उघडून सुरुवात, मध्य, शेवट तपासला. एकही चित्र गळलं नव्हतं. ती खुर्चीत मागे टेकली आणि मगच पहिल्यांदा हसली.

"तरुकाकी," रिंकल जरा घुटमळत म्हणाली, "आवाज काढून टाकता येईल का? साहेबांसमोर गोटे..."

"काढता येईल. पण काढायला नको," तरुबेन म्हणाली. "फोटोत तारीख बोलत नाही, गाव बोलत नाही, निमेशचं नाव बोलत नाही. हे सगळं इंदुभाई बोललेत, त्याच दिवशी, त्याच मांडवात. गोटे खाऊन साक्ष दिलीय माणसाने."

इंदुभाईंनी गळा साफ केला. "मी म्हणत होतो, अॅक्च्युअली, माझ्याकडे एडिसनला अजून बऱ्याच कॅसेट आहेत."

"आणा की," तरुबेन म्हणाली. "दहा मिनिटांत नाही होणार पण. तासाला तास."

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर गुरगुरत राहिला आणि एकसारख्या दोन सीड्या झाल्या. तरुबेनने तिसरी प्रतही केली, प्रवासात एखादी ओरखडली तर, आणि बुधवारी तीनही रिंकलच्या हातात दिल्या. दहीबा कुंकवाची वाटी घेऊनच आल्या होत्या. तरुबेनने त्यांचा हात धरून रिंकलच्या कपाळाकडे वळवला. "चांदलो इथे, दहीबा. इथे कितीही."

गुरुवारी दुपारी घरच्या शिवणवर्गाला सहा मुली आल्या होत्या आणि तरुबेन बाही कशी बसवायची ते दाखवत होती, तेव्हा फोन वाजला. मुंबईहून रिंकल. मागे गाड्यांचे आवाज, शब्द अर्धे कळत होते.

"काकी, पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा झाला. झाला, काकी."

"सीडी बघितली का त्यांनी?"

"बघितली. आधी हस्तमेळाप बघितला. मग म्हणाले पहिल्यापासून लावतो. मग विचारलं, हा बोलणारा माणूस कोण? मी म्हटलं, माझे चुलत सासरे. साहेब हसले. मग त्यांनी शेजारच्या बाईंना बोलावून त्यांनाही दाखवलं."

"ते असू दे. चित्र कुठे तुटलं का?"

"नाही, काकी."

"कुठेच नाही? फेऱ्यात?"

"कुठेच नाही."

तरुबेनने फोन ठेवला. मुली सुया हातात धरून तिच्याकडे बघत होत्या. ती सरळ बाहेर ओट्यावर गेली आणि मोटी खडकीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दहीबा, पोरीचं काम झालं. आणि ऐका सगळे. अमेरिकेच्या साहेबाने माझी सीडी बघितली. पहिल्यापासून."